चपलांच्या फळीखालची पाकिटं

शुक्रवारी संध्याकाळी धाकटा कामावरून आला तो तडक स्वयंपाकघरात गेला. अंगातलं जाकीटही न काढता त्याने डावा हात सिंकमध्ये धरला आणि नळ सोडला. सिंकमध्ये सकाळचे चहाचे कप पडले होते. बघता बघता कपांतलं पाणी लाल झालं.

"काय झालं रे?" दादा धावत आला.

"मुकादमाने आकडा हाणला," धाकटा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

धाकटा हा दादाच्या मावशीचा मुलगा. कृत्रिम दात बनवण्याचं शिक्षण घ्यायला आठ महिन्यांपूर्वी तो परदेशातल्या या गावात आला होता. सकाळी कॉलेज, आणि आठवड्यातून तीन दिवस मांस कापण्याच्या कारखान्यात काम. तिथला मुकादम म्हणजे जमदग्नीचा अवतार! आधी शिव्या, मग धक्काबुक्की, आणि नंतर हाताला लागेल ते. त्या दिवशी धाकट्याच्या हातून एक खोकं निसटलं, तर मुकादमाने मांस टांगायचा लोखंडी आकडा काढून हातावर घातला. मनगटाच्या वर चार बोटं लांब मांस उघडं पडलं. वर एक मळकं फडकं फेकून म्हणाला, "पूस आणि सोमवारी वेळेवर ये."

"दवाखान्यात नेऊ. आत्ताच्या आत्ता," वकील म्हणाला. वकील म्हणजे घरातला तिसरा. शिकत होता संख्याशास्त्र, पण जिथे तिथे वाद घालायचा म्हणून नाव पडलं वकील.

"नेऊन सांगणार काय?" दादा कडाडला. "ते विचारणार, कसं लागलं. मग पोलीस. मग कागद. मग व्हिसा. मग विमानतळ! मावशीला तोंड तू दाखवणार का मी?"

दादा मनाने वाईट नव्हता हो. सहा वर्षं तो तिथे राहत होता. नव्या आलेल्या पोरांना तो स्टेशनवरून आणायचा, खोली मिळेपर्यंत स्वतःच्या गादीवर झोपवायचा, स्वयंपाक शिकवायचा. पण दुखण्याखुपण्याच्या बाबतीत त्याचा कायदा वेगळा होता. पहिल्याच वर्षी त्याची दाढ ठणकायला लागली, तेव्हा कोणीतरी कानात सांगितलं, 'इथले सरकारी दवाखाने आपल्यासाठी नसतात, एकदा नाव चढलं की घरी पाठवतात.' सांगणारा कोण, त्याला कोणी सांगितलं, हे विचारायची तसदी या शहाण्याने घेतली नाही. न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहून पक्कड घेतली आणि स्वतःची दाढ स्वतः उपटली! भोवळ येऊन बेसिनवर आपटला, भुवई फाटली. आणि याचीच त्याला फुशारकी. नवा मुलगा आला की आ करून ते भगदाड दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघ, असं राहावं लागतं इथे."

त्यातूनच घराच्या दोन रीती पडल्या. आलेल्याने घरून आणलेली सगळी औषधं बिस्किटांच्या मोठ्या डब्यात टाकायची. कोणाला कधी अर्धी गोळी द्यायची ते दादा ठरवणार. आणि सरकारी शिक्का असलेलं पाकीट आलं की न फोडता दाराजवळच्या चपलांच्या फळीखाली सरकवून द्यायचं. उघडलं नाही म्हणजे आपण वाचलं नाही, वाचलं नाही म्हणजे आपल्याला कोणी विचारणार नाही, असा हिशेब! शिकलीसवरलेली मुलं, पण एकानेही ते पाकीट कधी उचलून पाहिलं नाही.

तर त्या संध्याकाळी डबा निघाला. दादाने त्यातली तापाची एक गोळी धाकट्याला दिली, पँटची बटणं लावायची सुई गॅसवर तापवली आणि काळा दोरा ओवला.

"दादा, नको रे," धाकटा रडवेला झाला.

"टॉवेल चाव."

धाकट्याने टॉवेल चावला. वकिलाने त्याचे खांदे दाबून धरले आणि तोंड भिंतीकडे केलं. सहा टाके. चौथ्याला धाकट्याने अशी लाथ झाडली की टेबल उलटलं. खालच्या मजल्यावरून छताला झाडूचा दांडा ठोकल्याचा आवाज आला. खाली एक निवृत्त बाई राहत. मुलं त्यांना हेडबाई म्हणत, कारण वर जरा आवाज झाला की त्या दांडा ठोकत. त्या आपल्याच भाषेच्या आहेत, चाळीस वर्षं तिथल्या सरकारी इस्पितळात वॉर्ड सांभाळून बसल्या आहेत, हे मुलांना ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी हात सुजून दुप्पट झाला. टाक्यांच्या कडा काळपटल्या. दुपारी मावशीचा व्हिडिओ फोन आला, तेव्हा दादाने धाकट्याला गळ्यापर्यंत पांघरूण घातलं आणि फोन त्याच्या चेहऱ्याजवळ धरला.

"असा काय दिसतोय रे हा?" मावशीने विचारलं.

"सर्दी झालीय मावशी," दादा हसून म्हणाला. "मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच तर झोप लागते मला," मावशी म्हणाली. दादाने घाईघाईने फोन बंद केला.

रविवारी सकाळी धाकट्याला तापात ओळख पटेना. मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढली होती. वकिलाने मुकाट्याने फोन काढला आणि रुग्णवाहिकेचा नंबर दाबायला सुरुवात केली. दादाने तो हिसकावून भिंतीवर फेकला. काचेचे तुकडे खोलीभर उडाले.

"दादा, मरेल तो!"

"मी बघतो म्हणतोय ना!"

"तू काय बघणार? तू काय डॉक्टर आहेस?" वकिलाने त्याची गचांडी धरली.

मग जे झालं ते सांगायलाही लाज वाटते. एका ताटात जेवणारी माणसं, पण दादाने वकिलाच्या तोंडावर गुद्दा मारला, त्याचा चष्मा तुटून गालात घुसला. वकिलाने दादाला फळीवर ढकललं. फळी कोसळली, चपला आणि बूट चहूकडे पांगले. खालून दांडा ठोकायला लागला, पण ऐकतो कोण!

आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात धाकटा उभा राहिला. उजव्या हातात भाजीची मोठी सुरी. डोळे लाल, पण बघत होते भलतीकडे. तो सरळ दादावर चालून आला. सुरी दादाच्या बाहीतून आरपार गेली आणि कातडीला ओरखडा काढून दाराच्या चौकटीत रुतली. दादाने कसलाही विचार न करता एक सणसणीत थोबाडीत दिली. धाकटा कोसळला. दुखऱ्या हातावरच पडला, टाके तटातट उसवले आणि पिवळं, घाण वास मारणारं पाणी फरशीवर वाहिलं.

दादाचा हात अजून वरच होता. धाकट्याने खालून त्या हाताकडे पाहिलं आणि दोन्ही कोपरांनी डोकं झाकून घेतलं.

"मारू नका साहेब," तो म्हणाला. "पुसतो मी. सोमवारी वेळेवर येतो. मारू नका."

साहेब! सहा वर्षं ज्याला सगळे दादा म्हणत होते, त्याला त्याच्याच मावशीचा मुलगा मुकादम समजून गयावया करत होता! दादाचा हात हवेतल्या हवेत लुळा पडला.

बाहेरचं दार ढकलून हेडबाई आत आल्या, झाडूसकट. खोलीभर नजर फिरवली आणि सरळ धाकट्याजवळ गुडघे टेकून बसल्या.

"हे शिवलं कोणी?" त्यांनी चक्क मराठीत विचारलं. "माणूस आहे का गोणी?"

वकिलाने मुकादमाच्या आकड्यापासून सगळं दोन वाक्यांत सांगून टाकलं. बाईंनी स्वतःचा फोन काढून रुग्णवाहिका बोलावली. पत्ता सांगितला, रक्तात विष भिनत असल्याचं सांगितलं. दादा दाराशी जाऊन उभा राहिला.

"नेऊ देणार नाही," तो पुटपुटला. त्यात आता जोर नव्हता, नुसती भीती होती. "काकू, त्याचं शिक्षण जाईल. व्हिसा जाईल."

बाईंनी झाडूचा दांडा त्याच्या नडगीवर हाणला. दादा कळवळून बाजूला झाला.

"व्हिसाचा अर्ज भरताना आरोग्याची फी भरली होती की नाही?"

"भरली," वकील गाल दाबत म्हणाला. "त्याशिवाय अर्जच पुढे जात नाही."

"मग ती कशासाठी भरलीस बाबा? दान म्हणून? त्यात डॉक्टर येतो, इस्पितळ येतं. विद्यार्थी म्हणून तुमचा तो हक्क आहे. आणि समज, नसती भरली, तरी मरायला टेकलेल्याला आधी वाचवतात आणि मग नाव विचारतात. मी चाळीस वर्षं तेच केलं. आजारी पडला म्हणून घरी पाठवलेला एक विद्यार्थी मला दाखव!"

"पण पोलीस..."

"येऊ देत की! याने चोरी केली का? मार खाऊन आलाय हा. ज्याने मारलं त्याने घाबरायचं, का ज्याने खाल्लं त्याने? तुम्ही लपवता म्हणून तर त्याचा आकडा चालतो. आज याचा हात, उद्या दुसऱ्याचं डोकं!" त्यांनी सुरी रुतलेल्या चौकटीकडे बोट दाखवलं. "आणि त्याचा आकडा बघता बघता तुमच्या घरात आला, तो दिसला का?"

दादा मटकन खाली बसला. पडलेल्या फळीखालून बाहेर आलेली पाकिटं त्याच्या पायाशी पसरली होती. बाईंनी एक उचललं, धाकट्याचं नाव वाचलं आणि त्याच्या हातात दिलं. "फोड."

पाकिटात एक कागद आणि एक छोटं कार्ड होतं. कार्डावर धाकट्याचं नाव, जन्मतारीख आणि एक क्रमांक. कागदावर लिहिलं होतं, 'आपल्या जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवा.' खाली दवाखान्याचा पत्ता होता. तीन गल्ल्या सोडून, जिथून दादा रोज दूध आणायला जायचा. पाकीट सात महिन्यांपूर्वी आलेलं. त्याच ढिगात तळाशी, पिवळं पडलेलं, दादाच्या नावाचं पाकीट होतं, सहा वर्षांपूर्वीचं. दाढ उपटायच्या तीन आठवडे आधी आलेलं.

इस्पितळात कोणी पासपोर्ट मागितला नाही. नाव विचारलं, तारीख विचारली, कार्डावरचा क्रमांक टिपून घेतला आणि धाकट्याला आत नेलं. तोंडात शब्द अडकतील म्हणून फोनवर दुभाषीही दिला. वकिलाच्या गालाला पट्टी लागली. दादाच्या दंडावरचा ओरखडा धुताना नर्सने विचारलं, "तुम्हाला आणखी काही दुखतंय?" सहा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो तिथेच ढसाढसा रडला.

हात वाचला. पण दोन दिवस उशीर झाला होता, त्याची किंमत वसूल झालीच. डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांच्या नसा गेल्या. ती बोटं आता पुरती मिटत नाहीत. मेणाचा दात धाकटा आता अंगठा आणि दोन बोटांत पकडून घडवतो आणि दुप्पट वेळ घेतो. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारीच आला असता तर तासाभराचं काम होतं.

पोलीसही आले. खुर्ची ओढून बसले आणि धाकट्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याने सांगितलं हे कळल्यावर कारखान्यातले आणखी दोघे बाह्या वर करून पुढे आले. त्यांच्या अंगावरही त्याच आकड्याचे वण होते. मुकादमाला नेलं. धाकट्याच्या व्हिसाला कोणी हात लावला नाही.

सोमवारी दुपारी इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून दादाने मावशीला फोन लावला.

"बरी आहे का सर्दी?" मावशीने विचारलं.

"मावशी, सर्दी नव्हती," दादा म्हणाला, आणि पहिल्या टाक्यापासून थपडेपर्यंत सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मग मावशी म्हणाली, "माझा विश्वास होता रे तुझ्यावर." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांची मुलं, भाचे, पुतणे आज शिकायला परदेशी आहेत. आपण त्यांना बॅग भरून औषधं देतो, डोळे पुसतो, 'दादाचं ऐक' म्हणून सांगतो. त्याऐवजी एकदा विचारा, 'बाळा, तिथल्या दवाखान्यात नाव घातलंस का?' प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतील, पण पहिल्याच आठवड्यात कॉलेजात जाऊन ते विचारून घेणं सगळीकडे सारखंच सोपं आहे. ऐकीव भीतीवर विसंबून राहिलो, तर मारणाऱ्याचा हात बळकट होतो आणि आपल्या मुलाचा हात जातो. आपला हक्क माहीत करून घेणं यात लाज नाही, आणि दुखणं लपवणं यात कसली आलीय बहादुरी!

गेल्या महिन्यात त्या घरी एक नवा मुलगा आला. शिरस्त्याची कुणकुण त्यालाही होती. बूट काढायच्या आधीच त्याने औषधांची पिशवी पुढे केली.

"डबा कुठाय दादा? आणि ते दाढेचं दाखव ना. स्वतः उपटलीस म्हणे!"

वकील हसायच्या बेतात होता, पण थांबला. धाकट्याने डावा हात खिशात घातला. दादाने मात्र तो हात हळूच खिशातून बाहेर काढला आणि न मिटणारी दोन बोटं नव्या मुलासमोर धरली.

"माझी बहादुरी बघायचीय ना? ही बघ," तो म्हणाला. "बूट काढू नकोस. दवाखाना तीन गल्ल्या सोडून आहे, पाचला बंद होतो. आधी तिथे जाऊन येऊ."