बांडगुळाचा खांदा

इसवी सन १८७१ च्या मे महिन्यात, मोराव्हियातील स्तुद्निचका गावी, सेंट बार्बरा चर्चचे शुद्धीकरण, म्हणजे नंतरची भर पाडून त्याला मूळ रूप देण्याचे काम, सुरू झाले. चर्चचा बुरूज गोल कमानींच्या काळातला, त्याला जोडलेले उंच छत टोकदार कमानींचे, म्हणजे गॉथिक. आणि छताच्या दोन्ही अंगांना, नक्षीदार बरोक शैलीच्या भरात, मागच्या शतकात बांधलेली चॅपेले, म्हणजे छोटी प्रार्थनागृहे. वास्तुकार क्विदो झेलिंका याच्या मते ही चॅपेले म्हणजे निव्वळ बांडगूळ. ती राहू द्या म्हणणाऱ्या फादर ओत्मार यांच्याशी हिवाळाभर वाद घालून त्याने ती पाडण्याची संमती मिळवली होती.

त्याची सासू तेक्ला मात्र बधली नाही. तिचे लग्न त्याच चॅपेलात, गुबगुबीत देवदूतांच्या साक्षीने लागले होते. "जावईबापू," ती म्हणाली, "माझ्या त्या पोरांना हात लावलात, तर रविवारचं बदक विसरा."

दक्षिणेकडच्या चॅपेलांमधील आडभिंतींचे वरचे थर उतरू लागले, तेव्हा क्विदो छताखालच्या परांचीवर होता. जुन्या भेगेवर त्याने रिवाजाप्रमाणे जिप्समचा पट्टा लावला होता. भेग हलली, तर पट्टा तुटावा. दुपारी तो तुटला.

क्विदोने वाकून तुटलेला पट्टा आणि खालची आडभिंत पाहिली. मग सारे उमगले. छताचा, भिंतींना बाहेर ढकलणारा रेटा पेलणारे जुने दगडी धिरे बरोक गवंड्यांनी काढले होते खरे; पण त्यांच्या जागी रेटा पेलायला त्यांनी या आडभिंतीच उभ्या केल्या होत्या. त्याचे लाडके छत बांडगुळाच्या खांद्यावर विसावले होते. त्याने माणसे बाहेर काढली, छताला लाकडी टेकू दिले, उतरवलेले दगड पुन्हा चढवले आणि भेगेवर नवा पट्टा लावला.

पुढचा आठवडा त्याला ना झोप लागली, ना घास गोड लागला. आठवड्याअंती टेकू काढले. दुसऱ्या सकाळी कंदील घेऊन तो वर चढला. पट्ट्यावर केसाएवढीही चीर नव्हती. तो फळीवरच बसला आणि कितीतरी दिवसांनी त्याला सपाटून भूक लागली.

खाली फादर आणि तेक्ला वाट पाहत होते.

"फादर, तुमचंच खरं, हे मी एकदाच म्हणणार आहे," तो म्हणाला.

"एकदाच पुरे," फादर हसले.

तेक्लाने वर पाहिले, मग जावयाच्या उतरलेल्या तोंडाकडे.

"चॅपेलं राहतील," ती म्हणाली, "आणि रविवारचं बदकही."