निळी चौकट

घड्याळजींच्या धाकट्या मुलीने भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती. त्यामुळे बाबांच्या दुकानाचं वेबपेज करायला बसली तेव्हा तिला पहिला प्रश्न पडला तो असा, की दिवा कुठे आहे?

पानावर प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड होतं. वर घड्याळाचा फोटो, मग तक्रार आणि तळाशी दोन बटणं: 'उत्तर द्या' आणि 'काम नाकारा'. कार्डांना सावली द्यायची तर सगळ्यांवर उजेड एकाच बाजूने पडायला हवा. तिने प्रत्येक सावली जराशी उजवीकडे, जराशी खाली सरकवली, कडा धूसर केल्या. कार्डं पानावरून किंचित उचलल्यासारखी दिसू लागली.

"सावलीवर एवढी मेहनत?" बाबा मागून म्हणाले. "आमचा जन्म गेला सावली पडू नये म्हणून दिवा फिरवण्यात."

"चांगली दिसतायत की नाही, तेवढं सांगा."

"दिसतायत बाई. तुझ्यासारखीच नखरेल."

त्यांचा उजवा हात नेहमीप्रमाणे खिशात होता. वर्षभरापासून तो थरथरत होता, आणि घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे. बारीक चिमटा हातात ठरेना, तसं घड्याळं उघडायचं काम भागीदार काकांकडे गेलं. फोटो बघून बिघाड ओळखायचा आणि गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं, हे बाबांनी स्वतःकडे मागून घेतलं होतं. काका मायाळू होते, पण स्पष्ट बोलायचे. "जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर त्या टेबलाशी दुसरा माणूस बसवावा लागेल. राग मानू नकोस." आज दुपारी ते बघायला येणार होते.

मुलगी शेवटचा हात फिरवत होती. मजकूर बॉर्डरला चिकटू नये म्हणून आतून पॅडिंग, कार्डं एकमेकांना खेटू नयेत म्हणून बाहेरून मार्जिन. सगळं मनासारखं झालं होतं. फक्त एक गोष्ट डोळ्यांत खुपत होती. बटण निवडलं गेलं की ब्राउझर आपणहून त्याभोवती निळी रेघ काढायचा, आणि तिच्या नाजूक सावल्यांची रया जायची. पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये एक ओळ लिहून तिने ती रेघ घालवली.

"बसा आता. रंगीत तालीम."

बाबा बसले. डावा हात कीबोर्डवर. टक. टक. स्क्रीनवर काहीच हललं नाही. त्यांनी मान पुढे केली, पुन्हा टक केलं आणि एंटर दाबलं. पहिलं कार्ड लाल झालं. 'काम नाकारले.'

"बाबा! अहो, त्या गिऱ्हाइकाच्या आजोबांची आठवण आहे ते घड्याळ!"

"मी उत्तर द्यायला गेलो होतो गं." ते स्क्रीनकडे बघत राहिले. "काल तर येत होतं. आता डोकंही गेलं म्हणायचं." ते उठले. "काकाला फोन कर. म्हणावं, बघ दुसरा माणूस."

"थांबा ना. माउस का नाही घेतलात?"

बाबांनी खिशातला हात काढून माउसवर ठेवला. स्क्रीनवरचा बाण काचेखाली अडकलेल्या माशीसारखा दोन्ही बटणांवरून तडफडत फिरला. त्यांनी हात परत खिशात घातला.

"मग काल कसं केलंत?" तिने हळूच विचारलं.

"टॅबचं बटण दाबत. एकेक घर पुढे जातं. कुठे आलोय ते निळं दिसायचं."

नाकारलेलं काम तिने आधी परत आणलं. मग आपली ती ओळ पुसली आणि निळी चौकट स्वतःच आखायला घेतली. आधी जाड बॉर्डर देऊन बघितली. पण बॉर्डर जागा खाते. ती आली की बटण फुगायचं, शेजारचं सरकायचं.

"हे काय," बाबा म्हणाले, "आता बटणंही थरथरायला लागली?"

तिला हसू आलं, आणि मग त्यांनाही.

तिने बॉर्डर काढून आउटलाइन दिली. ती बाहेरून नुसती आखली जाते, कुणाला ढकलत नाही. बटणापासून ती थोडी सुटी ठेवली. शेवटी 'उत्तर द्या' आणि 'काम नाकारा' यांच्यातलं मार्जिन इतकं वाढवलं की दोन्ही बटणं भांडलेल्या जावांसारखी दोन टोकांना गेली.

काका आले तेव्हा बाबा कामाला लागले होते. टक, टक, निळी चौकट बरोबर जागी थांबली. एका बोटाने ते लिहीत होते, 'काचेच्या आत कडेला धुकं दिसतंय. घड्याळात पाणी गेलं असावं. चावी देऊ नका, तसंच घेऊन या.'

काकांनी डोळे स्क्रीनजवळ नेऊन फोटो पाहिला. "धुकं आहे खरं. मला नसतं दिसलं." मग मुलीकडे वळले. "पोरी, बाकी झकास. पण मधेच हे निळं भडक काय लावलंस?"

तिने तोंड उघडलं, पण बाबाच आधी बोलले.

"ते माझं बोट आहे."

आणि उजवा हात खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवला. तो थरथरला, तसा थरथरू दिला.

काकांनी हाताकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"मग आणखी जाड कर की गं," ते म्हणाले, स्टूल ओढून बसले आणि भिंग डोळ्याला लावलं. "हं, बोल रे. पुढचं कुठलं?"