बावीस नंबर, माणूस एक

ऑक्टोबरपासून आमच्या घरात माणसं दोन होती आणि कागदावर एक.

कागद म्हणजे लिफ्टशेजारच्या काचेच्या चौकटीत दर महिन्याला लागतो तो. घर नंबर, नाव, माणसं किती, पैसे किती. आमच्या इमारतीत घरोघरी पाण्याचे मीटर नाहीत. पाणी, कचरा, लिफ्ट, जिन्यातला दिवा, सगळं डोक्यांवर वाटलं जातं. एक डोकं वाढलं की महिन्याला नव्वद लेई वाढतात. 'बावीस नंबर, लेओन्तिना, माणूस एक.' ती मी. दुसरं डोकं माझ्या थोरल्या बहिणीचं, साफ्ताताईचं.

गावाकडे तिची सगळी पेन्शन घर तापवायच्या लाकडातच जळून जायची. मीच म्हटलं, हिवाळाभर इकडे ये. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. सरकारी यादीत नंबर लागायचा तेव्हा लागेल, पण तीन हजार लेई भरले तर मे महिन्यात ऑपरेशन होणार होतं. ते पैसे मी कॉफीच्या डब्यात साठवत होते, आणि त्या डब्यासमोर नव्वद लेई म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

मी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री केली. पैसा कसा धरायचा ते मला कोणी शिकवू नये. बटाटे अर्धे शिजले की गॅस बंद करायचा आणि पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवायचं, मग ते आपोआप शिजतात. आंघोळीचं पाणी बादलीत धरायचं, ते संडासाला. शिळ्या पावाचा चुरा. जुन्या मोज्यांत चिंध्या भरून केलेला लांबलचक बोळा दाराच्या फटीशी, म्हणजे आतली ऊब जिन्यात जात नाही. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं लोक माझ्या पाठीमागे म्हणतात. म्हणोत. आम्ही दोघी मिळून अर्ध्या डोक्याचंही पाणी वापरत नव्हतो, आणि खालच्या झेनोवियाची दोन पोरं रोज टब भरून डुंबतात. मग चोर कोण? असं मी स्वतःला रोज विचारायची. रोज विचारावं लागायचं, यातच काय ते आलं.

ताईला मी नियम घालून दिले होते. घरात लोकरीचे मोजे, चपला नाहीत. मी बाहेर असताना नळ सोडायचा नाही. खिडकीत यायचं नाही, कारण समोरच्या बाकावर इमारतीचे व्यवस्थापक कीरियाक बसलेले असतात. खोकला आला तर उशीत. आणि दार कोणीही वाजवलं तरी उघडायचं नाही, ओ द्यायची नाही.

"पाद्री आले तरी?" तिनं विचारलं होतं.

"प्रत्यक्ष देव आला तरी."

जानेवारीत पाद्री खरंच आले, घरोघर तीर्थ शिंपडत. मी बाजारात होते. ताई दारामागे उभी राहिली, मुकाट्यानं छातीवर क्रूस काढला आणि ते निघून गेल्यावर रडत बसली. मला मात्र बरं वाटलं. पाद्र्यांच्या हातावर ठेवायचे वीस लेईही वाचले होते.

मार्चमध्ये एका सोमवारी कीरियाकनी मला जिन्यात गाठलं. माणूस गोदीत स्टोअरकीपर होता, खिळासुद्धा मोजून द्यायचा.

"बाई, काल तुम्ही बाजारात होतात ना? तुमच्या घरात रेडिओ चालू होता."

"चोरांसाठी लावून जाते. घरात कोणी आहे असं वाटावं म्हणून."

"तुम्ही? वीज जाळून?"

चोराच्या मनात चांदणं. मी हसले.

"पुढच्या सोमवारी येतो," ते म्हणाले. "रेडिएटरचे नळ बघायचेत. सगळ्यांकडचे."

वर जाऊन मी ताईला नाही नाही ते बोलले. रेडिओ उचलून कपाटात कुलूपबंद केला. ती एवढंच म्हणाली, "तिना, दिवसभर माणसाचा आवाज नसतो गं." मी तिच्याकडे पाहिलं नाही. सोमवारी हिला कुठं लपवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तळघरात आमची सामानाची खोली आहे, तिथं दोन तास बसेल, असं मी ठरवलं.

गुरुवारी एकच्या सुमारास बाजारात गेले. बाजार उठायच्या वेळेला मऊ पडलेली गाजरं आणि तडकलेली अंडी निम्म्या भावात मिळतात. दहा अंडी घेतली. परत येताना कोपरा वळले तर इमारतीसमोर बंबाच्या दोन गाड्या उभ्या. तळघराच्या झरोक्यातून काळा धूर येत होता आणि जिन्याच्या दारातून त्याहून दाट. अंगणात सगळी इमारत उभी होती, कोणी सपातांत, कोणी टॉवेल गुंडाळून. कीरियाकनी चौकटीतला कागद काढून आणला होता आणि एकेका घरापुढे खूण करत होते.

"बावीस?"

"मी इथं आहे," मी म्हटलं.

"माणूस एक. आलं." त्यांनी खूण केली आणि बंबवाल्याला म्हणाले, "झालं, सगळे बाहेर."

"बावीसचं दार उघडलं नव्हतं," बंबवाला म्हणाला. "तीनदा ठोठावलं."

"ह्याच त्या. बाजारात होत्या."

मी वर पाहिलं. पाचवा मजला, आमची खिडकी. बंद. पडदा हललासुद्धा नाही.

आता खोटं सांगून काय उपयोग? माझ्या डोक्यात पहिला आला तो आकडा, ताई नव्हे. पाच महिने, साडेचारशे लेई. मग वाटलं, ती उतरली असेल, गर्दीत मागं कुठंतरी असेल. मागं वळून पाहिलं, नव्हती. मग मी हातातली पिशवी खाली ठेवली. अंडी फुटू नयेत म्हणून जपून, भिंतीला टेकवून ठेवली. तेवढा वेळ मी गप्प होते. चमडी जाईल, दमडी जाणार नाही; पण चमडी कोणाची, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

"वर माझी बहीण आहे," मी म्हटलं.

"काय?" कीरियाक म्हणाले.

"बावीसमध्ये दोन माणसं आहेत."

बंबवाला माझ्याकडे वळला. "मग दार का नाही उघडलं? ऐकू येत नाही का त्यांना?"

"येतं. मीच सांगितलंय, उघडू नको म्हणून."

त्यानं माझ्या हातातून किल्ली ओढून घेतली, मुखवटा चढवला आणि दुसऱ्याला घेऊन धुरात शिरला. झेनोविया माझा दंड धरून म्हणाली, "बाई, अहो हाक तरी मारा. खिडकीत येऊ दे तिला." मी हाक मारली. पुन्हा मारली, घसा फाटेपर्यंत. पडदा हलला नाही. खिडकीत यायचं नाही, हे मीच तिला पढवलं होतं, आणि माझी बहीण दिलेला शब्द मोडत नाही.

"कधीपासून आहे?" कीरियाकनी विचारलं.

"कालपासून," मी म्हणाले.

तेव्हासुद्धा. जीभ आपोआप वळली. मला स्वतःची किळस आली, पण शब्द मागं घेतला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ते दोघं बाहेर आले आणि एकाच्या हातांवर ताई होती. पायांत लोकरीचे मोजे, छातीशी उशी घट्ट धरलेली. नाकाभोवती काजळी. उशीच्या मधोमध काळा डाग पडला होता.

"स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या," बंबवाला म्हणाला. "दाराशी तो बोळा होता म्हणून वाचल्या. जिन्यात तर श्वासाला हवाच उरलेली नाही."

ताईनं एका चांगल्या डोळ्यानं मला शोधून काढलं. तिचा चेहरा खुलला. शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यासारखी ती सगळ्यांसमोर बोलली.

"तिना, तीनदा वाजवलं गं. मी हूं की चूं केलं नाही. तू हाक मारलीस तरी खिडकीत आले नाही, म्हटलं कीरियाक खालीच असतील. पाच महिन्यांत एकदा तरी कोणाला पत्ता लागू दिला का मी?"

कीरियाकनी माझ्याकडे पाहिलं, मग कागद बंबाच्या गाडीवर टेकवला, बावीसपुढचा एक खोडला आणि दोन लिहिलं.

"ऑक्टोबरपासून," ते हळूच म्हणाले.

"ऑक्टोबरपासून," मी म्हटलं. थकलेले पैसे आता कॉफीच्या डब्यातूनच जाणार, मे महिन्यातला डोळा गेला, हेही त्याच क्षणी कळलं.

ताईला गाडीच्या पायरीवर बसवून त्यांनी तिच्या तोंडावर प्राणवायूची नळी धरली. मी शेजारी बसले. तिच्या हातातली उशी घ्यायला गेले तर तिनं सोडली नाही. तिचे खांदे आतल्या आत हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं नळी थोडी बाजूला केली, कीरियाककडे एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तिना, आता खोकले तर चालेल?"

मी हो म्हटलं. ती खोकायला लागली, आणि बराच वेळ खोकतच राहिली.