मेख

समाधानला लाल दिव्याचा राग होता. नारायणगावच्या ट्रस्टच्या दवाखान्यात, औषधांच्या खोलीमागच्या कोनाड्यात त्याचा कॉम्प्युटर होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात बोराएवढा एक दिवा. तळेघरच्या लहान दवाखान्याकडे जाणारी वाट चालू असली की हिरवा, बंद पडली की लाल. २००६ सालच्या त्या पावसाळ्यात तो दिवसातून वीस वेळा लाल व्हायचा आणि दर वेळी डॉक्टरसाहेब डोकावून विचारायचे, "समाधान, मेलं का रे पुन्हा तुझं वायरलेस?"

मरेल नाही तर काय! तळेघरला मोबाइलची रेंज नाही, फोनची तार दर पावसाळ्यात तुटते, म्हणून ट्रस्टने मधल्या डोंगरावर टॉवर उभा केला. त्यावर डिशच्या दोन छत्र्या, एक नारायणगावकडे तोंड करून आणि एक तळेघरकडे. वारं सुटलं की छत्र्या हलायच्या. चार दिवस ऊन नाही मिळालं की सोलरची बॅटरी मान टाकायची. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण तळेघरचा निरोप कोणत्या वाटेने जायचा हे कॉम्प्युटरला हाताने शिकवलेलं होतं आणि लाइन क्षणभर तुटली तरी तो दीडशहाणा ती वाटच आपल्या यादीतून पुसून टाकायचा. लाइन परत आली तरी आपणहून लिहायचा नाही. मग समाधानने बसून पुन्हा लिहायची. तिकडे तळेघरला त्याची धाकटी बहीण प्रज्ञा नर्स होती, तिच्या पडद्यावरही तसाच दिवा. तीही पेशंट सोडून यायची आणि दादाने कागदावर काढून दिलेल्या दोन ओळी टाइप करायची.

शेवटी एका रविवारी त्याने मेख मारली. हा शब्द त्याचाच, मेख म्हणजे ठोकलेली खुंटी. लाइन असो वा नसो, वाट यादीतून पुसायची नाही, असं त्याने दोन्हीकडच्या मशीनला बजावून ठेवलं. तेव्हापासून दिवा लाल झाला नाही. डॉक्टरसाहेबांनी चहा पाजला. प्रज्ञाने निरोप धाडला, "दादा, आता दिवा हलतच नाही. जिवाला शांती." मेख या शब्दाला आपल्याकडे दुसराही एक अर्थ आहे, पण कौतुकाच्या दिवसांत असले अर्थ कुणाला आठवत नाहीत.

फक्त सरूबाईंना ते पटलं नव्हतं. त्या दवाखान्यात झाडलोट करायच्या, मूळच्या तळेघरच्या. त्यांची लेक शीला तिथेच दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. "हितं आण तिला," असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण सासरचे सोडेनात. त्यामुळे सरूबाईंचा सगळा जीव त्या हिरव्या ठिपक्यात.

"भाऊ, ह्यो दिवा बोलतो का?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"दिवा कशाला बोलेल, मावशी? वाट चालू आहे एवढं दाखवतो."

"आमच्याकडं या डोंगरावरनं त्या डोंगराला हाळी देत्यात. पलीकडनं 'ओ' आला तर माणूस हाय. ओ नाय आला तर कोणीतरी उठून बघाया जातं. तुमच्या दिव्याला ओ हाय का?"

समाधान हसला होता. तसा तो मनाने वाईट नव्हता, पण चार इयत्ता जास्त शिकलेल्या माणसाला जे होतं ते त्याला झालं होतं.

तो गुरुवार होता. श्रावण संपत आलेला, पाच दिवस सूर्य दिसला नव्हता. सकाळी आठला प्रज्ञाची औषधांची यादी आली आणि त्यानंतर काही आलं नाही. अकरा वाजता सरूबाई फडकं हातात घेऊन कोनाड्याशी आल्या.

"प्रज्ञाताईचं काय आलं का?"

"नाही, मावशी. दिवा हिरवा आहे. काही असतं तर कळवलं असतं तिने."

एक वाजता त्या पुन्हा आल्या. बाहेर कडुनिंबाखाली दवाखान्याची जीप उभी होती आणि ड्रायव्हर हौशीराम टपावर पडलेली पानं झटकत होता. समाधानने डबा खाल्ला. जेवताना त्याला मध्येच आठवलं. एरवी प्रज्ञा दुपारी एखादी ओळ पाठवायची, जेवलास का म्हणून. त्याने पडद्याकडे पाहिलं. दिवा हिरवागार होता, आणि त्याने घास गिळला.

तीन वाजता सरूबाई आल्या त्या फडकं टाकूनच. कोनाड्याच्या दारात बसल्या.

"माझा उजवा डोळा लवत न्हाई का काय न्हाई, भाऊ. पण मला ओ दाखवा. त्यो दिवा नगं. ओ."

त्यांची समजूत काढायची म्हणून समाधानने तळेघरच्या मशीनला हाक मारली. अशी हाक मारायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते. दोन शब्द टाइप केले की पलीकडचं मशीन उत्तर देतं. उत्तर आलं नाही. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. मग मधल्या टॉवरला मारून पाहिली. तिथूनही काही नाही. आणि कोपऱ्यात दिवा हिरवा.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. दिवा लाइनकडे बघतच नव्हता. तो त्यानेच बसवलेला, वाट यादीत आहे की नाही एवढंच बघणारा. आणि यादीतली वाट तर त्यानेच मेख मारून ठोकून ठेवली होती. लाइन केव्हा मेली, सकाळी की दुपारी, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"ओ नाही, मावशी," तो म्हणाला.

सरूबाई उठल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. हौशीरामने विचारलं, "कुठं?" तर समाधानच ओरडला, "तळेघर! पळव!" डॉक्टरसाहेबांनी बरोबर एक नर्स दिली. घाटाच्या रस्त्याने दोन तास तरी लागणार होते. नेमकं काय झालंय हे कुणालाच माहीत नव्हतं. काहीच झालं नसेल, असंही डॉक्टरसाहेब म्हणाले.

समाधान पडद्यासमोर बसून राहिला. दर मिनिटाला हाक मारत होता.

चार वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेला ढग फाटले आणि ऊन पडलं. नारायणगावच्या बाजारात लोक वर बघू लागले. ऊन डोंगरावरही पडलं असणार, कारण साडेचारला टॉवरने ओ दिला आणि पाठोपाठ तळेघरने. अडकून पडलेले निरोप एकामागोमाग एक पडद्यावर येऊ लागले. प्रत्येकावर लिहिल्याची वेळ होती.

९.४० – दादा, शीलाला आणलंय. रक्त फार जातंय. गाडी ताबडतोब पाठव.

१०.१५ – गाडी निघाली का?

११.०० – डोलीवाले दारात उभे आहेत. साडेअकराची एसटी गाठू म्हणतात. पण दिवा हिरवा आहे, म्हणजे तुला निरोप पोचलाय. वाटेत चुकामूक नको म्हणून त्यांना थांबवलंय.

१२.५० – एसटी गेली. घरचे विचारतायत. मी सांगितलं, तिकडे माझा भाऊ बसलाय.

२.०५ – दादा, दिवा हिरवा आहे. मग ओ का देत नाहीस?

लाल दिवा असता तर प्रज्ञा एक क्षण थांबली नसती. डोली उचलून साडेअकराच्या एसटीत बसली असती, दोनपर्यंत मोठ्या दवाखान्यात पोचली असती. तिला त्यानेच थांबवून ठेवलं होतं.

शेवटचा निरोप तीन वाजून वीस मिनिटांचा होता, सरूबाई जीपमध्ये बसल्या त्या सुमाराचा.

३.२० – मुलगी आहे, बरी आहे. शीला गेली. सरूमावशींना तू सांग, माझ्याने होणार नाही.

जीप आता घाट चढत असणार. तिथे कुठल्याही फोनला रेंज नव्हती. सरूबाई पुढच्या सीटवर बसलेल्या असणार, पदर तोंडाशी धरून, आणि हौशीरामला म्हणत असणार की दमानं न्हाई, जोरात चालव.

त्याने कीबोर्डवर हात ठेवले. मग एकच अक्षर टाइप केलं: ओ.

लाइन आता उत्तम होती. ते लगेच पोचलं.