श्रीमंत महाराजांच्या तांब्याचं कार्ड

दर गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला आमच्या गावच्या पारावर मुंगी शिरायला जागा नसायची. शेवगावहून जीपा भरून यायच्या, बाया घरून वाट्या-पेले आणायच्या आणि सगळ्यांच्या नजरा एका पितळी तांब्याकडे लागायच्या. श्रीमंत महाराज तो तांब्या भरून घ्यायचे, सगळ्यांसमोर उपडा करायचे, रिकामा झालेला दाखवायचे. मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि तांब्या पुन्हा वाकडा केला की त्यातून पाणी पडायचं. असं पाच वेळा. दुसऱ्या धारेत पन्नास जणांना तीर्थ पुरायचं, पाचव्या धारेत जेमतेम दोन बायांचे तळहात ओले व्हायचे.

"तांब्या रिकामा तरी भरलेला, तुम्ही भरलेले तरी रिकामे," महाराज म्हणायचे. याचा अर्थ कुणालाच कळायचा नाही, म्हणून सगळे हात जोडायचे.

मी इथल्या शाळेत इतिहास शिकवते. नाव विजया. गावात मला मागून तापट बाई म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. महाराज तीन वर्षांपूर्वीपर्यंत आठवडी बाजारात भाजी चिरायची यंत्रं विकायचे, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यातलं एक माझ्या घरी आहे, पहिल्याच गाजराला मोडलेलं. पण हे सांगितलं की लोक म्हणायचे, "बाई, मानसाचा उद्धार कवाबी होतो." यंत्राचा मात्र झाला नाही.

हसून सोडून दिलं असतं, पण मधे लंकाबाई होत्या. लंकाबाई शाळेत खिचडी शिजवतात. वीस वर्षांत शाळेतलं एकही पोर त्यांनी उपाशी ठेवलेलं नाही. त्यांना साखरेचा आजार. डाव्या पायाच्या करंगळीला जखम झाली, ती भरेना. शेवगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज मलमपट्टी सांगितली. महाराजांनी सांगितलं, गोळी आणि तीर्थ एका पोटात नांदत नाहीत, एक काहीतरी ठेव. बाईंनी तीर्थ ठेवलं. गुरुवारमागून गुरुवार गेले, करंगळी काळी पडायला लागली आणि मी रोज त्यांच्याशी भांडत होते. "डॉक्टर पानी तरी पैदा करतो का?" असं त्या मला विचारायच्या. मी वर्गावर जाऊन उगाच पोरांवर ओरडायचे.

त्याच दिवसांत पोरांना संग्रहालयाचं वेड लागलं. डिसेंबरात सहल नगरच्या वस्तुसंग्रहालयात गेली होती. तिथं प्रत्येक वस्तूखाली नावाची चिठ्ठी बघून आठवीतली उझ्मा म्हणाली, असं आपल्या गावाचं का नको? मीही हो म्हटलं आणि फसले. शाळेतली जुनी भांडारखोली झाडली, आठवीचे चार गट पाडले. रानगट शेतीची अवजारं गोळा करणार, चूलगट स्वयंपाकघरातली भांडी, कागदगट जुने फोटो आणि पत्रं. चौथा मोजमापगट. त्याच्याकडे दाराजवळचं एक टेबल, तराजू, टेप आणि प्रयोगशाळेतली काचेची मापं.

नियम उझ्मानंच केला. कार्ड झाल्याशिवाय वस्तू आत जाणार नाही आणि मोजमापाच्या टेबलावर मोजणाऱ्यांशिवाय कुणाचा हात लागणार नाही. कार्डावर वस्तूचं नाव, कोणाकडून आली, उंची, घेर, वजन. भांडं असेल तर आत किती मावतं तेही. त्यासाठी मापानं पाणी भरायचं, मग ओतून पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचं, कारण पहिल्याच दिवशी मोजमापगटातल्या केदारनं एका कळशीत सांडत सांडत पाणी भरलं आणि तिचं माप रांजणाएवढं लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून केदारच्या आकड्यावर उझ्माचा विश्वास नव्हता आणि दोन वेळा मोजणं हा धर्म झाला होता. सरपंचांच्या आजीची कळशीसुद्धा त्यातून सुटली नाही.

पंधरा दिवस शाळेत नुसता गोंधळ. रानगटानं मोट आणली ती दारातून आत जाईना. चूलगट आणि रानगट एका उखळावरून भांडले, ते शेतातलं की घरातलं. शेवटी लंकाबाईंनी उखळात शेंगदाणे कुटून चटणी केली, दोन्ही गटांना वाढली आणि ते घरातलं ठरलं. लंगडत लंगडत त्या सगळीकडे असायच्या. मला बघवत नव्हतं.

उद्घाटन प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर ठेवलं. गावात बातमी पसरल्यावर महाराजांना राहवेना. प्रदर्शनात सरपंचांची कळशी आणि आपला तांब्या नाही, हे कसं चालेल? त्यांनी निरोप धाडला की तांब्या सातशे वर्षांचा आहे, साक्षात गोदामाईनं दिलेला, त्याला मधोमध जागा ठेवा. मी तोंड उघडणार तेवढ्यात उझ्मा म्हणाली, "येऊ द्या ना बाई. कार्ड करू."

महाराज आले ते हलगीच्या कडकडाटात. मागे अर्धं गाव. मधलं टेबल चूलगटानं रिकामं ठेवलं होतं, महाराज थेट तिकडे निघाले. दारात केदार आडवा. "आधी मोजमाप," तो म्हणाला. महाराज हसले, लोकही हसले. लेकरांचं कौतुक करावं तसं त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला. पोरं टेप लावतील, वजन करतील, फोटो निघेल, असा त्यांचा हिशोब असावा. उंची झाली, घेर झाला. वजन जरा जास्त भरलं. मग उझ्मानं तांब्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिचे वडील गनीभाई कल्हई करतात, फुटक्या भांड्यांना डाग देऊन सांधतात. वाजवून भांड्याची तब्येत ओळखायची सवय त्या घरात पाळण्यापासूनची. हा तांब्या बद्द वाजत होता.

तिनं पाण्याचं माप उचललं तसे महाराज पुढे सरकले. पाणी मीच भरतो, म्हणाले. उझ्मानं मान हलवली. टेबलावर हात फक्त मोजणाऱ्यांचे, तिनं सांगितलं. महाराजांचा चेहरा बदलला. "ही पोरगी कुणाची?" त्यांनी गर्दीकडे वळून विचारलं. "गोदामाईच्या भांड्याला कुणीबी हात लावायचा का?"

गनीभाई मागे भिंतीशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. माझं डोकं सणकलं, पण माझ्याआधी लंकाबाई बोलल्या. पुढेच बसल्या होत्या, पाय स्टुलावर.

"माझ्या हातचं जेवती ती. माझी हाय," त्या म्हणाल्या. "मोजू द्या तिला. देवाचं असंल तर मोजल्यानं कमी हुनार न्हाई."

त्या पूर्ण श्रद्धेनं बोलल्या होत्या. त्यामुळे महाराजांना नाही म्हणता येईना.

उझ्मा ओतत गेली, केदार मोठ्यानं आकडे म्हणत गेला. तांब्या काठोकाठ भरला की पाणी आपोआप खाली जायचं, पुन्हा भरावं लागायचं. अखेर दीड लिटरला ते थांबलं. मग तिनं तांब्या गळ्याशी धरून उचलला आणि मापात उपडा केला. आठशे मिलिलिटर. शेवटचा थेंबही गळून गेला, तांब्या रिकामा. केदार लगेच म्हणाला, या वेळी माझी चूक नाही. सगळ्यांनी टेबल पाहिलं, जमीन पाहिली. कोरडी ठाक. सातशे मिलिलिटर पाणी गेलं कुठं?

उझ्मानं तांब्या टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तांब्याच्या तळातून पाणी वर चढायला लागलं.

गर्दीतून हुंकार उठला. बायांनी पदर पसरले. महाराजांना क्षणभर काय करावं ते कळलं नाही, पण बाजारात यंत्रं विकलेला माणूस, सावरायला किती वेळ लागणार? त्यांनी दोन्ही हात वर केले आणि लेकराच्या हातूनही माउली प्रकटली म्हणून गजर सुरू केला. लंकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता तरी पटलं का, अशा नजरेनं. आमच्याच टेबलानं बुवाला आयता चमत्कार करून दिला होता.

केदारला मात्र वेगळीच पंचाईत पडली होती. महाराज पुटपुटले की पाणी येतं, असं त्यानं पारावर पाहिलं होतं. इथं तर कुणी मंत्र म्हटलाच नाही. मग माउलीला कळलं कसं? हे त्यानं मोठ्यानं विचारलं आणि आत वाकून बघण्यासाठी तांब्या गळ्याशी धरला. पाणी चढायचं थांबलं. सोडला, चढायला लागलं. धरला, थांबलं. तीनदा झाल्यावर उझ्मानं त्याचा अंगठा उचलून खाली पाहिलं. गळ्याच्या नक्षीत, फुलाच्या पाकळीच्या मधे, सुईनं पाडावं एवढं भोक होतं. आपण तांब्या धरतो तेव्हा अंगठा बरोबर जिथं टेकतो, तिथंच.

"बाई," ती सावकाश म्हणाली, "हे पपईच्या देठासारखं आहे."

आमच्या पोरांचा हा जुना खेळ. पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्यात बुडवायचा, वरच्या तोंडावर बोट ठेवून बाहेर काढायचा. पाणी आतच राहतं. बोट उचललं की खाली पडतं आणि शेजारच्याची पाठ भिजते. केदार धावत जाऊन शाळेमागच्या पपईचा देठ तोडून आला आणि सगळ्यांसमोर करून दाखवलं. हवेला वरून आत यायला वाट नसेल तर पाणी जागचं हलत नाही, एवढंच त्याचं शास्त्र.

मग उझ्मानं वडिलांना हाक मारली. गनीभाई संकोचत पुढे आले. त्यांनी तांब्या फिरवला, आत बोट घातलं आणि तळाशी दुसरं भोक दाखवलं. हा एक तांब्या नाहीच, दोन आहेत, ते म्हणाले. आतला तांब्या बाहेरच्यात बसवून काठाला डाग दिलेला. दोन्हींच्या मधल्या पोकळीत सातशे मिलिलिटर पाणी लपतं. वरचं भोक अंगठ्यानं झाकून उपडा केला तर आतलं पाणी सांडतं, पोकळीतलं राहतं. सरळ धरून अंगठा उचलला की ते तळाच्या भोकातून आत येतं. दर वेळी उरलेल्यातलं निम्म्याच्या आसपास, म्हणून धार कमी कमी होत जाते. पाचव्यांदा देव थकत नव्हता, पाणी संपत होतं.

"काम चांगलं केलंय कुणीतरी," गनीभाई म्हणाले. "पन सातशे वर्सांचं न्हाई. डाग नवा हाय."

लोक महाराजांकडे वळले. महाराजांनी शाप द्यायला हात उचलला, तेवढ्यात मागून कुणीतरी भाजीच्या यंत्राबद्दल विचारलं आणि सगळी खोली हसली. शापाला असं हसू मारतं. महाराज जीपमध्ये बसले. तांब्या मागायला ते आजतागायत आलेले नाहीत. सरपंचांनी पोलिसांत तक्रार दिली, तेही कदाचित कारण असेल.

हसत नव्हत्या त्या फक्त लंकाबाई. त्यांनी तांब्या मांडीवर मागितला. उझ्मानं भरून दिला. बाईंनी अंगठा ठेवला, तांब्या बादलीत उपडा केला, सरळ केला, अंगठा उचलला. पाणी आलं. पुन्हा केलं, पुन्हा आलं. दर वेळी थोडं कमी. पाचव्या वेळी त्यांनी तळहातावर घेऊन ते पाणी पाहिलं.

"म्हंजी माझ्या पायाला सात आठवडे ह्येच हुतं," त्या म्हणाल्या. "साधं नळाचं पानी."

मी तिथूनच रिक्षा बोलावली. शेवगावला आणि तिथून नगरला. डॉक्टरांना करंगळी काढावी लागली. पाय वाचला. आठ दिवस उशीर झाला असता तर तोही गेला असता, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

संग्रहालय अजून उघडं असतं. मधोमध तो तांब्या आहे. उझ्मानं लिहिलेलं कार्ड असं: तांब्या, पितळी, दुहेरी. कोणाकडून: महाराज, सोडून गेले. आत किती जातं: दीड लिटर. बाहेर किती येतं: अंगठ्यावर अवलंबून.

मला वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, हात जोडू नका, मोजायला मागा. आत किती गेलं, बाहेर किती आलं. खरं असेल ते मोजल्यानं कमी होत नाही, हे लंकाबाईच म्हणाल्या होत्या. जो मोजू देत नाही त्याच्या अंगठ्याकडे बघा. आणि काहीही झालं तरी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.

खिचडी झाली की लंकाबाई तांब्याच्या टेबलाशी जाऊन बसतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही. परवा बाहेरगावची एक बाई आली, हातात वाटी, कडेवर तापलेलं पोर. महाराज कुठं भेटतील, तिनं विचारलं. लंकाबाईंनी आधी चप्पल काढून पाय पुढे केला.

"ह्या तांब्यानं माझं एक बोट खाल्लं," त्या म्हणाल्या. "बस हितं. तुझा अंगठा ठिव अन् बघ कसं खाल्लं त्ये. मग पोराला घिऊन दवाखान्यात जाऊ, मी येते संगं."