बॅटरीला हळदकुंकू

प्रभाकर डॉक्टरांच्या हॉस्पिटलाला आता पुराची भीती उरली नव्हती. निदान सकाळी तरी सगळे असंच म्हणत होते.

दोन हजार पाचच्या सव्वीस जुलैला पनवेलची गाढी नदी आत शिरली, तेव्हा तळमजल्यावरचा जनरेटर, औषधं, एक्स-रेचं मशीन, सगळं चिखलात गेलं होतं. तेव्हापासून डॉक्टरांनी एकेक सामान वर चढवलं. पेशंट पहिल्या मजल्यावर, जनरेटर थेट गच्चीवर, आणि प्रत्येक खाटेशी खुंटीला एक बॅटरीचा दिवा. खाली राहिला केसपेपरचा काउंटर आणि त्यामागचा देव्हारा. देव कुठे हलवायचे यावर कुणाचं एकमतच होईना, म्हणून ते बिचारे तिथेच राहिले.

आणि आज सकाळी पुराची मॉक ड्रिल झाली, ती किशोरीने घेतली! नर्सिंगचा कोर्स नुकताच संपवलेली, कोळीवाड्यातली किशोरी. तिने शिट्टी फुंकली, मेन स्विच पाडला, शैलेश इलेक्ट्रिशियन जिन्यावरून धावत गेला आणि बघता बघता जनरेटर धडधडायला लागला. डॉक्टर म्हणाले, "वा! याला म्हणतात तयारी." किशोरीला तर वाटलं, आपण आता ढगांनासुद्धा दम देऊ शकतो.

खिडकीजवळच्या खाटेवरचा काशिराम मात्र हसला नाही. काशिराम तिचा सख्खा आजा. जन्मभर खाडीत जाळी टाकली, आता छातीचा भाता थकला होता. नाकात नळी, आणि नळीच्या टोकाला विजेवर चालणारं, दिवसरात्र घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन.

"आज आवस हाय पोरी," तो धापा टाकत म्हणाला. "रातच्याला मोठी भरती. आनि पाऊस धरलाय. खाडी नदीचा पानी आत घेयाची नाय."

"म्हणून तर तुला वर ठेवलाय ना आजा? आता गप झोप."

पण ही आवस साधी नव्हती, दिव्यांची होती. दुपारी सुमतीसिस्टर, हॉस्पिटलातल्या सगळ्यात जुन्या नर्स, कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घरोघरी आज दिवे घासून पुजतात. आपले दिवे कुठले? हेच की!"

झालं! खुंट्यांवरचे दिवे उतरले, टॉर्च उतरले. सगळे फडक्याने लख्ख पुसून देव्हाऱ्यापुढे पाटावर मांडले. सिस्टरांनी घरून कणकेचे दिवे उकडून आणले होते. आजाच्या खुंटीवरचा दिवा किशोरीने स्वतःच्या हाताने काढला, आणि वर शैलेशची फिरकी घेतली.

"काय शैलेशदादा, सगळ्यात मोठा दिवा तुझा, आणि त्यालाच पूजा नाही?"

"मग काय, जनरेटर डोक्यावर घेऊन उतरू?"

"त्याची बॅटरी आण की. तिच्याशिवाय तो तरी कुठे चालू होतो?"

"तुला ना, डॉक्टरांनी डोक्यावर चढवलंय," शैलेश म्हणाला. पण हसत हसत गेला आणि ती जडशीळ बॅटरी खांद्यावर घेऊन आला. सुमतीसिस्टरांनी तिला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आरती झाली की लगेच वर न्यायची, असं ठरलं.

आरती डॉक्टर आल्यावर करायची होती. डॉक्टरांचा फोन आला, ते कामोठ्याला अडकले होते, रस्त्यावर पाणी. थांबूया थोडं, असं सगळे म्हणाले. बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरचं मेडिकलही दिसेना. दिवेलागणीलाच मिट्ट अंधार झाला. मग गटाराच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं, सावकाश, आवाज न करता, आणि अचानक लाइट गेली.

मशीनची घरघर थांबली.

ती शांतता किशोरीच्या कानात ओरडली. ती वॉर्डात धावली. खुंटीकडे हात नेला, खुंटी रिकामी! मोबाइलच्या इवल्याशा उजेडात तिने आणीबाणीसाठी ठेवलेला छोटा सिलिंडर चाचपडत आजाच्या नळीला जोडला. मीटरचा काटा लाल पट्टीला टेकायच्या बेतात होता. सकाळी ड्रिलमध्ये सगळ्यांना दाखवायला तिनेच सिलिंडर बराच वेळ उघडा ठेवला होता.

"सिस्टर, याच्याजवळ बसा!" ती ओरडली. "शैलेशदादा, बॅटरी!"

जिन्याची शेवटची पायरी दिसतच नव्हती. पाणी पोटरीपर्यंत आलं होतं, खाऱ्या वासाचं, थंडगार. कणकेचे दिवे विरघळून त्यांचा लगदा पायांना लागत होता. टॉर्च इकडेतिकडे तरंगत होते, एक तर पाण्याखाली अजून पेटलेला होता आणि तिथलं गढूळ पाणी पिवळं दिसत होतं. बॅटरी पाटावर अर्धी बुडालेली. वायरी जोडायचे वरचे खिळे तेवढे कोरडे.

"तिकडून धर! आडवी करू नकोस!"

"हात निसटतोय गं..."

"निसटू देऊ नकोस! माझा आजा आहे वर!"

दोघांनी ती कशीबशी जिन्याने चढवली. वॉर्डावरून जाताना किशोरीला आजाची शीळ ऐकू आली. श्वास नव्हताच तो, बारीक शीळ. सुमतीसिस्टर अंधारात पुटपुटत होत्या, "काशिरामभाऊ, सावकाश घ्या, सावकाश." सिलिंडर संपला होता.

गच्चीवर शेडखाली शैलेशने शर्टाने खिळे पुसले, वायरी आवळल्या. जनरेटर एकदा खोकला आणि गप्प झाला. पुन्हा खोकला. किशोरीने त्याच्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवले, जणू तोच पेशंट. तिसऱ्यांदा तो धडधडला.

ती उड्या मारतच खाली आली. मशीन घरघरत होतं. आजाचे ओठ निळे होते, पण छाती वरखाली होत होती. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"भिजलीस गो," तो म्हणाला.

ती रडत रडत हसली. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि हसणं तिथंच थांबलं. सगळं पनवेल काळं होतं. त्या काळोखात त्यांची एकच इमारत पेटलेली, आणि तिच्याकडे, छातीभर पाण्यातून, माणसं येत होती. कुणाच्या पाठीवर म्हातारी, कुणाच्या डोक्यावर टोपलीत मूल. उखडलेल्या दाराच्या फळीवर माणसांनी उचलून आणलेला एक जण घुसमटल्यासारखा हात हलवत होता.

"सिस्टर, ऑक्सिजनचं मशीन आहे का?" खालून कुणीतरी हाक मारली. "लवकर सांगा!"

मशीन एकच होतं. आजाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग नळीकडे.

"कोन हाय गो पोरी?" त्याने विचारलं.

किशोरीने मनगट सोडवून घेतलं नाही. खालची हाक आता जिन्यापर्यंत आली होती.