पाच डिग्री जास्त

माझ्याकडे बासष्ट थर्मामीटर आहेत आणि त्यातलं एकही तापाचं नाही. जुन्या दुकानदारांनी गिऱ्हाइकांना दिवाळीत फुकट वाटलेली, पत्र्यावर जाहिरात छापलेली. कळमनुरीचं औषधाचं दुकान, सेनगावची सोडा फॅक्टरी, हिंगोलीचा फोटो स्टुडिओ. दुकानं बुडाली, मालक वारले, पत्रे माझ्या भिंतीवर आले. हौसेला मोल नसतं म्हणतात. मी तर ते कधी देतच नाही, जुन्याच्या बदल्यात नवं देतो.

बासष्टावं डोंगरकडा गावात सापडलं. वर कपाशीचं बोंड, खाली ‘पुनमचंद आणि कंपनी, सरकी-पेंड, वारंगा फाटा’. अनुसयाबाईंच्या रेशीम अळ्यांच्या शेडमध्ये ते टांगलेलं होतं. अळ्यांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून परक्यानं चुन्यात पाय बुडवूनच आत जायचं. मी बुडवले. त्या पत्र्यासाठी डोकंही बुडवलं असतं.

शेड सांभाळायची त्यांची सून सत्यशीला. थंडीत ती शेगडी पेटवायची आणि लाल रेघ कुंकवाच्या खुणेला टेकली की विस्तव बाहेर काढायची. पत्र्यावरचे आकडे झिजलेले, म्हणून तीन बॅच चुकतमाकत तिनंच ती खूण शोधली होती.

मी पिशवीतून नवं थर्मामीटर काढलं.

"हे सवयीचं हाय, सर," ती म्हणाली. "ही बॅच कोषावर आली की न्या ना. आठच दिस राहिले."

मी ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस नाही. सरळ सासूकडे वळलो. "तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. या गंजक्या पत्र्यावर विसंबता तुम्ही?"

"दे गं," अनुसयाबाई सुनेवर खेकसल्या. "मास्तर नवंकोरं देऊन राहिले अन् तू काहून नाट लावून राहिली?"

भिंग लावून मी झिजलेला आकडा वाचला. खूण तिसावर होती. नव्या थर्मामीटरवर बरोबर तिसावर कुंकू लावून दिलं. इतकं नीटनेटकं काम दुसऱ्या कुणी केलं असतं का?

संध्याकाळी पत्रा पुसून भिंतीवर लावला. शेजारची सगळी थर्मामीटरं बावीस दाखवत होती, पुनमचंदचं सत्तावीस. म्हणजे सत्यशीलाची खूण खरी पंचविसाची होती. आता ती पोरगी शेड तिसापर्यंत तापवणार आणि अळ्या उकडून मरणार.

माझ्या बायकोच्या, मंजुषाच्याही ते लक्षात आलं. "अहो, फोन करा. खूण खाली घ्या म्हणावं."

"म्हणजे मास्तर चुकला म्हणून सांगायचं? आणि सवयीचंच परत द्या म्हणाली तर?"

"द्या मग परत!"

"उद्या बघू," मी म्हणालो. उद्या केला नाही, परवाही केला नाही. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण पत्रा भिंतीवर फार शोभत होता.

सहाव्या दिवशी डोंगरकड्याच्या किराणा दुकानात आणखी एक असल्याचं कळलं, म्हणून पुन्हा गेलो. अनुसयाबाईंच्या दारासमोर मेलेल्या अळ्यांचा ढीग पडला होता, काळ्या पडलेल्या, लिबलिबीत. सत्यशीलाचा नवरा शिवहार मोटारसायकल काढून उभा होता. ती कपड्यांची पिशवी धरून रडत होती.

"विटाळात शिरली असंल शेडमंदी," अनुसयाबाई मला म्हणाल्या. "न्हाईतर समद्या अळ्या कशा मरतील? कबूल करून न्हाई राहिली. साखऱ्याला तिच्या मायबापाकडं सोडून येऊन राहिला शिवहार. अशी सून नको आमाला."

सत्यशीला माझ्यापुढे आली. "सर, तुमीच सांगा यांना. म्या शिवलं न्हाई काही. शेगडीपुढून हालले न्हाई, रेघ बराबर खुणेवर ठेवली. तुमच्या त्या नव्या थर्मामीटरात तर काही खोट नसंल ना?"

तिघंही माझ्या तोंडाकडे बघू लागली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"थर्मामीटर एकदम बरोबर आहे," मी म्हणालो. आणि ते बरोबरच होतं.

"ऐकलंस?" अनुसयाबाई म्हणाल्या.

सत्यशीलानं पदरानं तोंड पुसलं.

"मग माझंच काही चुकलं असंल, सर," ती म्हणाली आणि गाडीवर बसली.